किलो, लिटर आणि घरची वाटी

एक किलो म्हणजे किती वाट्या? प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. पण ज्या घरात महिन्याचा किराणा पगाराच्या दिवशी एकदाच भरला जातो आणि तो पुढच्या पगारापर्यंत पुरवावा लागतो, त्या घरात तो किरकोळ राहत नाही. दुकानदार वजनाने देतो, घरातली बाई मापाने रांधते. यादीत किलो असतो आणि हातात वाटी असते. या दोहोंचा मेळ आमच्या आया-बहिणी पिढ्यान् पिढ्या अंदाजाने घालत आल्या आहेत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

परंतु घरच्या पाच-सात माणसांचा अंदाज वेगळा आणि १४ एप्रिलला दोनशे माणसांच्या भोजनदानाचा अंदाज वेगळा. शिवाय आता बचत गटाच्या भगिनी मसाले, चटण्या, पापड करून विकत आहेत, शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवत आहेत. लेकीसुना मोबाईलवर पाककृती पाहून 'एक कप मैदा, अर्धा कप साखर' असा स्वयंपाक करत आहेत. अशा वेळी अंदाजाला हिशेबाची जोड हवी. म्हणून या आठवड्यात कुटुंब पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

माप वेगळे, वजन वेगळे

माप म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा. ती आपण वाटीने, डब्याने, लिटरने मोजतो. वजन म्हणजे वस्तूचा जडपणा. तो तागडीने, काट्याने, किलोने मोजतो. पाण्याच्या बाबतीत दोहोंचा मेळ सरळ बसतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. पण हा मेळ फक्त पाण्यापुरता आहे. एक लिटरच्या मापात तांदूळ भरले तर ते साधारण आठशे ग्रॅम भरतील. त्याच मापात बारीक मीठ भरले तर ते बाराशे ग्रॅमच्या आसपास जाईल, आणि चुरमुरे भरले तर शंभर ग्रॅमसुद्धा भरणार नाहीत. डबा तोच, पण वजनात एवढी तफावत.

याचे कारण सोपे आहे. काही वस्तू मुळातच जड असतात, काही हलक्या. शिवाय दाण्यादाण्यांमध्ये हवा असते. दाणा जितका फुगीर, तितकी हवा जास्त आणि वजन कमी. पिठाचे तर आणखी निराळे. नुकतेच चाळलेले पीठ वाटीत सैल पडते. तेच पीठ डब्यात चार दिवस दबून बसले, किंवा वाटी आपटून भरली, तर त्याच वाटीत बरेच जास्त मावते. म्हणून वाटीने मोजताना एक नियम पाळावा. वस्तू हलक्या हाताने भरावी, आपटू नये, दाबू नये, आणि वरून उलथन्याच्या पाठीने सपाट करावी. रोज एकाच पद्धतीने भरले तर वाटीचा हिशेब रोज सारखा येतो.

शेर-पायलीचा काळ

आमच्या जुन्या पिढीला किलो माहीत नव्हता. धान्य मापाने मोजले जाई. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, सोळा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. हे सारे जागेचे माप होते. पंचाईत अशी की शेर हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही होता. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि असे चाळीस शेर मिळून वजनी मण होई, म्हणजे सुमारे ३७ किलो. मापाचा शेर निराळा, आणि तोही एका मुलखात एक तर दुसऱ्या मुलखात दुसरा. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तांदूळ यांचे वजनही एक नसे.

या गोंधळाचा फायदा कोणाला होत होता, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. खळ्यावर मजुरी आणि बलुते धान्याच्या रूपाने मिळे. माप देणाऱ्याच्या घरचे, भरणारा हातही त्याचाच. सावकार धान्य देताना माप सपाट भरी आणि वसूल करताना शिगोशीग भरून घेई. पायलीवर उभी राहिलेली ती शीग कुठल्याही वहीत लिहिली जात नसे. पण वर्षभरात तेवढ्यातच एखाद्या घराची चूल कितीतरी दिवस पेटली असती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयीचे बिल मांडले. धान्याच्या बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. धान्य किती द्यायचे, कसले द्यायचे आणि कोणत्या मापाने द्यायचे हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ठरलेली रक्कम मोजून घेता येते. ते बिल तेव्हा पार पडले नाही आणि वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली. पण मोजमापाचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न असतो, हे त्या बिलाने दाखवून दिले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही चलनाची किंमत घसरली की भाव आधी चढतात, मजुरी मागे राहते आणि मार कष्टकऱ्याला बसतो, हा विचार आहे. रुपया हेही एक मापच आहे.

ज्या १९५६ साली आपण नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशात वजनमापांचा नवा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले. गावोगावच्या निरनिराळ्या शेरांच्या जागी सबंध देशाला एकच किलो मिळाला. तो सवर्णांच्या वाड्यात जेवढा, तेवढाच आपल्या वस्तीत. या बदलाकडे आपण केवळ सोय म्हणून पाहू नये.

तुलाकूट आणि मानकूट

भगवान बुद्धांच्या काळीही हा प्रश्न होता. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात शीलांची जी यादी आहे, तीत तुलाकूट आणि मानकूट यांपासून दूर राहणे सांगितले आहे. तुलाकूट म्हणजे तागडीतील लबाडी आणि मानकूट म्हणजे मापातील लबाडी. अडीच हजार वर्षांपूर्वी तागडी आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी मानून दोहोंची नावे वेगळी घेतली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका ती हीच.

संयुत्तनिकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक कथा आहे. राजा दोण भरून भात खाई. दोण हे त्या काळचे मोठे माप. इतके जेवून तो धापा टाकत बुद्धांकडे आला. जेवणात मात्रा ओळखण्याचा उपदेश तेथे त्याला मिळाला. राजाने एका तरुणाला तो उपदेश पाठ करून जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर, म्हणजे लहान मापावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. मोजून खाणे हा कंजूषपणा नव्हे, तर ती जागृती आहे, असा या कथेचा अर्थ आम्ही घेतो.

घरच्या वाटीचे वजन

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. आपल्या घरातील मधल्या आकाराच्या आमटीच्या वाटीत बहुधा १५० मिलिलिटरच्या आसपास पाणी मावते. अशी वाटी सपाट भरली तर निरनिराळ्या जिनसांचे वजन साधारणपणे पुढीलप्रमाणे भरते.

तांदूळ : १२५ ग्रॅम (किलोला ८ वाट्या)
तूरडाळ : १२५ ग्रॅम (किलोला ८ वाट्या)
साखर : १२५ ग्रॅम (किलोला ८ वाट्या)
रवा : १०५ ग्रॅम (किलोला साडेनऊ वाट्या)
साबुदाणा : १०० ग्रॅमच्या आसपास
शेंगदाणे : ९० ग्रॅम (किलोला ११ वाट्या)
गव्हाचे पीठ : ८० ग्रॅम (किलोला साडेबारा वाट्या)
बेसन : ६० ते ७० ग्रॅम
जाडे पोहे : ४० ते ५० ग्रॅम
बारीक मीठ : १८० ग्रॅम
गोडेतेल : १३६ ग्रॅम
दूध : १५५ ग्रॅम

हे आकडे अंदाजी आहेत. तांदळाची जात, रव्याचा जाडबारीकपणा, पिठाचे दळण यांवर पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे होतात. परंतु यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांदूळ, डाळ, साखर यांचा हिशेब जवळजवळ एकच आहे. पीठ त्यापेक्षा बरेच हलके आहे. म्हणून 'वाटीभर म्हणजे सव्वाशे ग्रॅम' असे सरसकट धरून पिठाला तोच हिशेब लावला, तर किलोमागे साडेतीनशे ग्रॅमहून अधिक तूट येते.

मोबाईलवरील किंवा पुस्तकातील पाककृतीत 'कप' असतो तो आपला चहाचा कप नव्हे. तो साधारण २४० मिलिलिटरचा असतो, म्हणजे वरच्या वाटीच्या दीडपटीहून थोडा जास्त. 'टेबलस्पून' म्हणजे १५ मिलिलिटर आणि 'टीस्पून' म्हणजे ५ मिलिलिटर. एक टेबलस्पून बरोबर तीन टीस्पून. केक फसला, ढोकळा बसला, तर पुष्कळदा दोष हाताचा नसतो, कपाचा असतो.

वजनकाटा नसेल तर

पुष्कळ भगिनी म्हणतील, घरात काटा नाही, मग आमच्या वाटीचे वजन आम्हाला कसे कळणार? त्याची युक्ती सोपी आहे. महिन्याचा किराणा येतो तेव्हा साखरेचा किंवा तांदळाचा एक किलोचा बंद पुडा घ्यावा. आपल्या रोजच्या वाटीने तो सपाट मापून डब्यात भरावा आणि वाट्या मोजाव्यात. हजाराला तेवढ्या वाट्यांनी भागले की एका वाटीचे वजन मिळाले. आठ वाट्या भरल्या तर १२५ ग्रॅम, दहा भरल्या तर १००, साडेसहा भरल्या तर सुमारे १५४. असेच पिठाच्या पुड्याचे, रव्याच्या पुड्याचे करावे. एका महिन्यात घरातील सगळ्या जिनसांचा तक्ता तयार होतो. हे काम सातवी-आठवीतील मुलामुलींना द्यावे. भागाकाराचा सराव होतो आणि घराचा हिशेबही शिकून होतो.

ज्या डब्यात धान्य ठेवतो त्याच्या आतून दर किलोला तेलरंगाची एक आडवी खूण करून ठेवावी. रेशनचे धान्य घरी आल्यावर ते किती आहे हे खुणेवरून लगेच दिसते. अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरी २५ किलो यायला हवे. खूण २३ वर थांबली तर दुकानात जाऊन विचारायला आपल्या हाती आधार असतो.

भोजनदानाचा हिशेब

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्नकार्य, जलदान विधी अशा प्रसंगी शे-दोनशे माणसांचे जेवण होते. पैसा वर्गणीचा असतो. उरलेले अन्न फेकले गेले तर तो कोणाच्या तरी घामाचा पैसा असतो, आणि शेवटच्या पंगतीला भात कमी पडला तर ती साऱ्या वस्तीची नामुष्की असते.

अनुभवी स्वयंपाकी साधारण असा हिशेब धरतात. भाजी-पोळी सोबत असेल तर एक किलो तांदूळ दहा माणसांना, भातच मुख्य असेल तर आठ माणसांना. एक किलो डाळ पंचवीस ते तीस माणसांना. एक किलो कणकेच्या तीस ते बत्तीस पोळ्या. त्या एक किलो कणकेला सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर पाणी लागते आणि पिठाचा गोळा सोळाशे ग्रॅमच्या पुढे जातो. पन्नास ग्रॅमची एक लाटी धरली की पोळ्यांचा आकडा बरोबर येतो.

दोनशे माणसांना वीस किलो तांदूळ धरले. आता भांडे केवढे हवे? येथे वजनावरून मापाकडे यावे लागते. एक किलो तांदळाला सव्वा लिटर जागा लागते, म्हणजे वीस किलोला पंचवीस लिटर. शिजल्यावर भात जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे पंचाहत्तर लिटर. ढवळायला आणि वाफेला वर मोकळी जागा हवी. तेव्हा शंभर लिटरचे एक पातेले, नाहीतर पन्नास-पन्नासची दोन. साठ लिटरच्या एकाच पातेल्यात हा भात बसवायला गेले की खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो.

पाण्याचे प्रमाणही मापाने धरावे, वजनाने नव्हे. आपण म्हणतो तांदळाला दुप्पट पाणी, ते वाटीला वाटी असते. एक किलो तांदळाला दोन लिटर पाणी घातले तर ते दुप्पट होत नाही. सव्वा लिटर जागेच्या तांदळाला दुप्पट म्हणजे अडीच लिटर होते. मात्र मोठ्या पातेल्यात झाकण घट्ट असेल तर वाफ त्या मानाने कमी जाते. म्हणून मोठ्या स्वयंपाकात पाणी थोडे हात राखून घालावे आणि लागेल तसे आधणाचे वाढवावे.

शाळेची खिचडी

शाळांमधून मुलांना धान्य देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून तिचे नाव पीएम पोषण असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ अथवा धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे केंद्राचे प्रमाण आहे. ही मुले बहुतांशी आपलीच, आणि शिजवणाऱ्या भगिनीही पुष्कळ ठिकाणी आपल्याच.

कागदावर सारे ग्रॅममध्ये आहे आणि हातात डबा व पळी आहे. पहिली ते पाचवीची साठ मुले असतील तर तांदूळ ६ किलो, डाळ १ किलो २०० ग्रॅम, भाजी ३ किलो आणि तेल ३०० ग्रॅम. तांदूळ-डाळीचा डबा एकदा वजन करून ठरवून ठेवला की काम भागते. तेलाचे मात्र ध्यानात ठेवावे. ३०० ग्रॅम तेल म्हणजे ३०० मिलिलिटर नव्हे, सुमारे ३३० मिलिलिटर. ३०० मिलिलिटर घातले तर तेल सुमारे २७ ग्रॅम कमी पडते. एका दिवसाला ते काहीच वाटत नाही. दोनशे दिवसांत साडेपाच किलोच्या जवळ जाते. ते तेल मुलांच्या पोटातले असते.

तेलाचा डबा

हाच फरक आपल्या खिशालाही बसतो. बाजारात तेलाचा डबा १५ किलोचाही मिळतो आणि १५ लिटरचाही. दोन्ही डबे दिसायला सारखे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल आणि १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल. समजा १५ किलोचा डबा २००० रुपयांना आहे. तर त्याच भावाने १५ लिटरच्या डब्याची किंमत १८२० रुपये व्हायला हवी. १८२० पेक्षा जास्त मागत असेल तर तो डबा स्वस्त नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. पिशवीवरही हाच नियम लावावा. लिटरचा आकडा पाहून थांबू नये, शेजारी लिहिलेले ग्रॅम पाहावेत.

तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅम. काही कंपन्या पिशवीवर जास्त तापमान लिहून लिटर पूर्ण दाखवत आणि वजन कमी भरे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न लिहिता माप आणि वजन दोन्ही बरोबर लिहिण्यास कंपन्यांना सांगितले. एक लिटरमागे पंचवीस ग्रॅमचा फरक, आणि तो कष्टकऱ्याच्या घरात शिरला होता.

आपला माल विकताना

आमच्या वस्तीतील विहारात एका रविवारी वंदनेनंतर आम्ही वजनकाटा मांडला आणि भगिनींना आपापली मापे आणायला सांगितले. कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या एका ताईंचा 'अर्ध्या किलोचा डबा' काट्यावर ठेवला, तर आतला मसाला ६२० ग्रॅम भरला. ताई म्हणाल्या, "दादा, गिऱ्हाईक समाधानाने जावं म्हणून मी दाबून भरते." त्यांचा भाव किलोला ६०० रुपये. म्हणजे प्रत्येक डब्यामागे ७२ रुपयांचा मसाला फुकट जात होता. महिन्याला वीस डबे खपले तर १४४० रुपये. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाई, गिऱ्हाईकाचं समाधान बघितलंस, लेकरांच्या फीचं कोण बघणार?" सारे हसले, पण बोल खरा होता.

उलटही घडते. तांदळाच्या अर्ध्या किलोच्या डब्याने कोणी सुटी मिरचीपूड विकली, तर गिऱ्हाईकाला तीनशे ग्रॅमच्या आसपासच मिळते. ते मानकूट झाले, मग मनात लबाडी असो वा नसो. म्हणून पूड, मसाला, पीठ, चटणी हा माल वजनानेच विकावा. काटा आधी शून्यावर आणावा, रिकाम्या डब्याचे वजन वजा करावे, आणि पाकिटावर निव्वळ वजन स्पष्ट लिहावे.

चमच्याचा प्रश्न

वाटीत पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर चालते. चमच्यात नेहमीच चालत नाही. लहान मुलाला जुलाब लागले तर घरी साखर-मिठाचे पाणी देतात. त्याचे प्रमाण असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हा चमचा ५ मिलिलिटरचा. त्याने साखर सुमारे २५ ग्रॅम आणि मीठ सुमारे ३ ग्रॅम पडते. आपला पोहे खायचा चमचा पुष्कळदा याच्या दुप्पट असतो. त्यात शीग लावून मीठ घेतले तर तिप्पट-चौपट मीठ जाते, आणि जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरू शकते. औषधाच्या बाटलीच्या टोपणावर ५ मिलिलिटरची खूण असते, ते टोपण धुऊन वापरावे. शक्यतो आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीची पुडी आणावी. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. अर्धी पुडी पेल्यात असे करू नये. जुलाब थांबत नसतील, मूल सुस्त झाले असेल, तर दवाखाना गाठावा.

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक छोटा चमचाही नाही, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही आले. घराची तपासणी पुड्यावरून करता येते. पाच मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. तो वीस दिवसांत संपत असेल तर रक्तदाबाची गोळी सुरू होण्याआधी मिठाचा हात आवरावा.

ग्राहकाचा हक्क

वजनमापांचा आजचा कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. दुकानदाराच्या वजनांवर आणि काट्यावर सरकारी शिक्का हवा. लोखंडी वजने आणि साधी तागडी दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. बंद पाकिटावर निव्वळ वजन किंवा माप लिहिलेले हवे. दगड, बॅटरीचे सेल, पाण्याची बाटली ही वजने नव्हेत. शंका आली तर पुन्हा वजन करून मागण्यात कसलाही कमीपणा नाही. तक्रार करायची असल्यास राज्याची वैध मापन शास्त्र यंत्रणा आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

प्रत्येक विहारात एक वजनकाटा, एक लिटरचे माप आणि ५ मिलिलिटरचा एक चमचा ठेवावा, अशी आमची सूचना आहे. भिंतीवर वरील तक्ता मोठ्या अक्षरात लावावा. महिन्यातून एका रविवारी ज्यांना आपली वाटी, डबा, रेशनचे धान्य मोजून पाहायचे आहे त्यांनी ते घेऊन यावे. खर्च वर्गणीत सहज भागेल. आणि मोजण्याचे काम मुलींकडे द्यावे. खळ्यावरच्या मापाला बोट लावण्याचा अधिकार आपल्या आज्यांना नव्हता. आज काटा त्यांच्या नातींच्या हाती असला पाहिजे.

जयभीम.